चरबीत उमटलेला अंगठा

केन-सानने गठ्ठा एका बोटाने ढकलून बघितला आणि म्हणाला, "बुरशी लागलेला कागद रद्दीत घेत नाहीत. हा जळाऊ कचऱ्यात जाईल."

समोर खुर्चीत त्याची मावशी बसली होती. हॉलिस-सान. इथे प्रत्येकाच्या नावामागे 'सान' लावतात, आपल्या 'राव'-'बाई'सारखं. वय ऐंशीच्या पुढे. डोळे निळसर, नाक धारदार, पण बोलायला लागल्या की शेजारची जपानी आजीच बोलतेय असं वाटावं. त्यांनी गठ्ठा परत आपल्याकडे ओढून घेतला.

योकोहामाच्या टेकडीवरचं त्यांचं लाकडी घर रिकामं करायचं चाललं होतं. त्या वृद्धाश्रमात जाणार होत्या. तिथे त्यांना एक खोली आणि एक कपाट मिळणार. गठ्ठ्याला त्यात जागा नव्हती.

मी बाइंडर. शाळा सातवीपर्यंत, तीही धड नाही. पण कागदाच्या धंद्यात पन्नास वर्षं काढली, आणि माझ्या हातचं बाइंडिंग उसवलेलं आजवर कुणी परत आणलेलं नाही. तरुणपणी योकोहामाच्या एका सिंधी कापड व्यापाऱ्याने मला पुण्याहून इकडे आणलं. कापडाच्या नमुन्यांच्या जाड वह्या बांधायला. ती पेढी बंद पडली. मग जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलो, तो आजपर्यंत. आता तिथल्या मालकीण कुरोदा-सान. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण मी त्यांना अहो-जाहोच करतो, त्याही मला. त्या दिवशी आम्ही दोघं गठ्ठा बघायला गेलो होतो.

गठ्ठा कसला, वीटच. हॉलिस-सानचे पूर्वज अमेरिकेत टॅव्हर्न चालवायचे. टॅव्हर्न म्हणजे आपली धर्मशाळा, खानावळ, गुत्ता आणि पोस्ट असं सगळं एका छपराखाली. घोडागाड्यांच्या रस्त्यावर असायचं ते. अमेरिका देश नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्या घरातला एक वंशज पुढे चहा-रेशमाच्या व्यापारासाठी जहाजाने योकोहामाला आला, इथलीच बायको केली, आणि येताना घरच्या कागदांची पेटी घेऊन आला. ती पेटी भूकंपातून वाचली, लढाईच्या आगीतून वाचली. आणि गेल्या वादळात छपराची चार कौलं सरकली, त्यात भिजली. भिजून वाळली आणि आतल्या कागदांची वीट झाली.

ते टॅव्हर्न अजून उभं आहे. गावाने त्याचं म्युझियम केलंय. म्युझियम कागद घ्यायला तयार होतं, पण अट एकच: प्रत्येक पान सुटं हवं. चिकटलेल्या पानांच्या आत बुरशी जिवंत राहते, आणि ती बाकीच्या कागदांत पसरते. अट चुकीची नव्हती. म्युझियमच्या बाई महिनाअखेरीस येणार होत्या. उघडलं तर अमेरिका, नाही तर केन-सानची कचऱ्याची पिशवी.

"उघडेल का?" हॉलिस-साननी विचारलं.

कुरोदा-साननी गठ्ठ्याकडे बघत दीर्घ श्वास घेतला. मग म्हणाल्या, "अवघड आहे."

जपानात 'अवघड आहे' म्हणजे 'नाही'. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. म्हातारीचा हात गठ्ठ्यावर होता, तो तसाच राहिला. मला बघवेना.

"दाइजोबु," मी म्हणालो. म्हणजे होऊन जाईल, काळजी नको.

आता आपल्याकडे कारागीर असं म्हणतोच. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला काय नाही म्हणायचं? होऊन जाईल, या तुम्ही, बघू. त्यालाही माहीत असतं की हा धीर आहे. कुरोदा-सान परतताना ट्रेनमध्ये डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. हॉलिस-साननी म्युझियमला ईमेल केला होता: वर्कशॉपने सर्व पाने उघडतील असे सांगितले आहे. म्युझियमच्या बाईंनी तिकीट पक्कं केलं होतं.

"मोरे-सान, तुम्ही दाइजोबु म्हणालात."

"म्हणालो. त्यांना जरा धीर द्यायला म्हणालो."

"त्यांनी धीर नाही घेतला. शब्द घेतला."

"मग शब्द माझा. मी बघून घेईन."

"तुमचा नाही. वर्कशॉपचा."

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी एका देवळाला फोन लावला. त्या देवळाच्या जुन्या पटाचं, म्हणजे गुंडाळून ठेवायच्या चित्राचं, काम आमच्याकडे चालू होतं. ते पुढे ढकलावं लागेल म्हणून त्यांनी माफी मागितली. फोनवर, समोर कुणी नसताना, कमरेत वाकून. मी टेबलापाशी उभा राहून बघत होतो. माझ्या एका शब्दाला ही बाई वाकत होती.

घरी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "पुण्यात दिवाळीच्या ऑर्डरी तुळशीचं लग्न लागल्यावर द्यायचात. तिथली माणसं तुम्हाला ओळखून होती. इथे कुणी सांगितलंय शहाणपण?"

"तू भात वाढ," मी म्हणालो.

कामाला लागलो. हा कागद कसा असतो ते आधी सांगतो. तेव्हा झाडाचा लगदा नव्हता. चिंध्यांचा कागद. जुने सदरे, चादरी कुजवून, कुटून केलेला. त्यावर सरसाचा हात मारायचे, म्हणजे शाई पसरत नाही. सरस म्हणजे हाडा-कातड्याचा डिंक. आता सरस भिजला की काय होणार? चिकटणार. पानाला पान चिकटलं ते त्याच्यामुळे. मग परत ओल द्या, सरस मऊ पडेल आणि पान सुटेल. सोपं वाटतं ना?

अडचण शाईची. ती शाई हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि मायफळाची. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात तेच. ही शाई जुनी झाली की कागद खाते, आणि पाणी लागलं की जास्तच खाते, शिवाय पसरते. म्हणजे पाणी हवं पण पाणी नको.

कुरोदा-सानकडे त्याला युक्ती आहे. रेनकोटचं एक कापड येतं, त्यातून वाफ जाते पण थेंब जात नाही. खाली ओला टीपकागद, वर हे कापड, वर गठ्ठा. वाफ आत शिरते, कागदाला फक्त कळतं की हवा दमट आहे. मग बांबूचं पातळ पातं कडेने सरकवायचं. जोर लावायचा नाही. जोर लावावासा वाटला की हात उचलायचा, असा आमच्या वर्कशॉपचा नियमच आहे.

वरची पानं सुटली. पहिलं पान सुटलं तेव्हा मी ते उजेडाकडे धरलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण कागद वाचता येतो. त्यात निळा धागा होता. नखाएवढा. कुटणाऱ्याच्या हातून तेवढा कुटायचा राहून गेलेला. दोनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी अंगात निळा सदरा होता, तो फाटला, विकला गेला, त्याचा कागद झाला, कागदावर कुणाच्या तरी जेवणाखाण्याचं लिहिलं गेलं, आणि तो धागा माझ्या नाकासमोर होता, रंगासकट. मी कुरोदा-सानना हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि हातातलं काम ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी चहा थंड झाला.

त्याखालच्या पानांच्या कडा अशा सुटत गेल्या, पण मधला भाग काही सुटेना. त्या सगळ्या पानांच्या मधोमध एक हट्टी डाग, तिथे पातं अडायचं. ओल वाढवली, तरी नाही. दिवस जायला लागले.

"अजून ओल द्या," मी म्हणालो.

"शाई पसरेल."

"थोडी. बोटभर."

"बोटभर म्हणजे एका माणसाचं नाव जातं, मोरे-सान."

दोघंही हट्टी. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मग कुरोदा-साननी एक केलं. अर्धं सुटलेलं पान हळूच वर उचललं आणि खालून टॉर्च लावली. मधला डाग चिमणीच्या काचेसारखा उजळला.

"तेल," मी म्हणालो. "दिव्याचं."

"चरबी. मेणबत्तीची."

"तेलच. मी आयुष्यभर बघितलंय."

"तेल पसरून पातळ होतं. याला कड आहे, बघा."

कड होती. तेव्हा गरीब-मध्यम घरात मेणाच्या मेणबत्त्या परवडायच्या नाहीत. जनावराच्या चरबीच्या जाळायचे. टॅव्हर्नचा मालक संध्याकाळी कागदांचा ढीग पुढ्यात घेऊन बसत असणार, आणि मेणबत्ती ठिबकत असणार. ठिबकलेली चरबी पानापानांतून खाली मुरली होती. चरबीला पाण्याने काय होणार? मी इतके दिवस मटणाच्या भांड्याला गार पाणी लावत बसलो होतो म्हणायचं. सुमन ऐकती तर जन्मभर पुरलं असतं तिला.

चरबीला हवी ऊब. कपड्यावर मेण सांडलं की टीपकागद ठेवून इस्त्री फिरवतात, तसंच. फक्त आमची इस्त्री बोटाएवढी असते आणि कोमट. वर-खाली टीपकागद, मध्ये पान, आणि हात असा ठेवायचा की जणू ताप बघतोय.

कुरोदा-साननी पहिल्यांदा इस्त्री टेकवली. थोड्या वेळाने वास आला.

आधी मला वाटलं, खालच्या हॉटेलातून येतोय. मग लक्षात आलं. रस्सा थंड झाल्यावर वर जी साय थिजते, तिचा वास. बोकडाचा, मेंढीचा.

"हा काय वास?" कुरोदा-साननी विचारलं. त्यांच्या घरात मटण शिजत नाही.

"मेंढी."

त्या एकदम म्हणाल्या, "जिंगीसुकान!" होक्काइदोला लोखंडी तव्यावर मेंढीचं मांस भाजतात, ते त्यांनी कधीतरी खाल्लं होतं. आम्ही दोघं हसायला लागलो. अमेरिकेतल्या कुठल्याशा माळावर चरलेली मेंढी. ती मरून दोनशे वर्षं झाली. तिचा वास योकोहामात, तिसऱ्या मजल्यावर, एसी चालू असलेल्या खोलीत. खिडकी उघडावी असं दोघांनाही वाटलं नाही.

त्यानंतर पानं सुटत गेली. एकेक सुटलं की कुरोदा-सान वाचायच्या, मला सांगायच्या. कुणाचा घोडा लंगडा झाला म्हणून त्याने मुक्काम वाढवला. कुणाच्या पोरीने पाठकोऱ्या कागदावर पाढे गिरवले. एका पानावर पेल्याचा गोल डाग, असा पूर्ण, की पेला आत्ताच उचललाय. मी तो डाग काढायला निघालो होतो, सवयीने. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला नवंकोरं करून द्यायचं असतं. कुरोदा-साननी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मी हात मागे घेतला.

आणि मग शेवटची दोन पानं आली. म्युझियमच्या बाई परवा येणार होत्या.

दोन पानं, मध्ये चरबीचा तोच खांब, पण इथे तो सगळ्यात जाड होता. गठ्ठा पेटीत उलटा ठेवला गेला होता, ही मुळातली सगळ्यात वरची पानं. उलटून बघितलं तर वरच्या पानावर चरबीचा पूर्ण टिपका, रुपयाएवढा, पिवळा. मी इस्त्री हातात घेतली. भिंग डोळ्याला लावलं, कडा बघायला. आणि थांबलो.

टिपक्यात अंगठा होता.

अंगठ्याचा ठसा. चरबी सांडली, कुणीतरी अंगठ्याने निपटायला गेलं, आणि ती तेवढ्यात थिजली. रेघ न् रेघ. मध्ये भोवरा. एका बाजूला एक तिरपी चीर, कापलेल्या जखमेची असते तशी. इतकं स्पष्ट की वाटलं, माणूस आत्ताच उठून गिऱ्हाइकाला वाढायला गेलाय.

माझ्या बापाला सही येत नव्हती. तो अंगठा द्यायचा. शाई लागलेला अंगठा धोतराला पुसायचा आणि आई ओरडायची. त्यामुळे अंगठा मला कळतो. कागदावरचं नाव कुणीही लिहू शकतं. अंगठा त्या माणसाशिवाय उमटत नाही.

"कुरोदा-सान."

त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघत होत्या. मग त्या बाजूला झाल्या आणि चक्क एक पाऊल मागे सरकल्या, देवळात सरकतात तसं.

"पान सोडवलं तर हा जाईल," मी म्हणालो.

"जाईल."

"रसायनाने?"

"तरी जाईल. चरबी विरघळली की रेघा राहत नाहीत."

"आणि नाही सोडवलं, तर अट मोडते."

"हो."

"सगळं परत पाठवतील?"

"पाठवू शकतात." मग त्या म्हणाल्या, "दाइजोबु तुम्ही म्हणाला होता. तुम्ही सांगा."

मी आयुष्यात दिलेलं काम अर्धवट सोडलेलं नाही. इस्त्री तापलेली होती. ते पान सुटलं असतं, याची मला शंभर टक्के खात्री होती, आजही आहे. सगळी पानं सुटी, शब्द पुरा, वर्कशॉपचं नाव राखलं, म्हातारीचं काम झालं. राहिला असता तो कागदावर एक पुसट तेलकट डाग. कुणाला कळलंही नसतं. मला आणि कुरोदा-सानना सोडून.

मी इस्त्रीचा प्लग काढला.

ठरल्या दिवशी सगळे वर्कशॉपला आले. हॉलिस-सान चाकाच्या खुर्चीत, मागे केन-सान, आणि म्युझियमच्या बाई. उंच, धिप्पाड, थेट विमानतळावरून आलेल्या. टेबलावर पानं मांडून ठेवली होती, प्रत्येकाला आपलं आपलं घडीचं कव्हर. बाई एकेक बघत गेल्या. खूष दिसत होत्या. शेवटच्या जागेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "ही दोन चिकटलेली आहेत."

कुरोदा-साननी तोंड उघडायच्या आत मी बोललो. माझं जपानी, त्याचं इंग्रजी करणार कुरोदा-सान.

"यांना सांगा, उघडता येत नाहीत असं नाही. येतात. मी उघडली नाहीत."

कुरोदा-साननी ते सांगितलं आणि माफी मागायला वाकल्या. मग मीही वाकलो. माझी पाठ आता सहज वाकत नाही, आणि मी सहज वाकणारा माणूसही नाही.

बाईंच्या कपाळावर आठी होती. "अट आधीच सांगितली होती," त्या म्हणाल्या. "आत बुरशी असेल तर बाकीच्या संग्रहाला धोका आहे. मी एकटी ठरवू शकत नाही."

केन-सानने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. मी भिंग उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. टॉर्च तिरपी धरली, रेघांची सावली पडेल अशी.

बाई वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या. कपाळावरची आठी कधी गेली ते कळलं नाही. सरळ झाल्या तेव्हा आधी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्याकडे त्या घराची पाटी आहे," त्या म्हणाल्या. "टेबल आहे, खुर्च्या आहेत, मेणबत्तीची बैठकसुद्धा आहे. मी रोज पुसते ते. पण त्या घरातलं माणूस आज पहिल्यांदा बघतेय."

"मालकाचा असेल?" केन-सानने विचारलं.

"कळणार नाही. मालकाचा असेल, बायकोचा असेल. एखाद्या मोलकरणीचाही असेल."

हॉलिस-साननी भिंगासाठी हात पुढे केला. खुर्ची टेबलाशी आणली. त्यांनी खूप वेळ लावला. मग त्या जपानीत म्हणाल्या, "कुणाचा का असेना. घाईत होतं बिचारं."

बाईंनी बाहेर जाऊन अमेरिकेला फोन लावला. तिकडे पहाट असावी, कुणाला तरी झोपेतून उठवलं. परत आल्या आणि म्हणाल्या की ती दोन पानं वेगळ्या बंद पेटीत, बाकीच्यांपासून लांब ठेवतील, आणि दर हिवाळ्यात आत बुरशी वाढतेय का ते तपासतील. बाकी सगळं संग्रहात जाईल. हॉलिस-साननी सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

सगळे निघायला लागले तेव्हा केन-सान मागे रेंगाळला. कुणी बघत नाही असं त्याला वाटलं असावं. त्याने आपला अंगठा खिडकीच्या उजेडात धरला, जवळून बघितला, मग टिपक्याकडे बघितलं, परत अंगठ्याकडे. मग पटकन हात खिशात घातला आणि खुर्ची ढकलायला गेला.

देवळाचा पट परत टेबलावर आलाय. हॉलिस-सानच्या खोलीत, कपाटाच्या दारावर, अंगठ्याचा मोठा केलेला फोटो आहे म्हणतात. केन-साननेच लावून दिला.

या कामातून शिकण्यासारखं इतकंच: चिकटलेल्या पानाला ओल द्यायच्या आधी खालून उजेड टाकून बघावं. आमचे कितीतरी दिवस वाचले असते. दुसरं एक कुरोदा-सान मला शिकवू बघतायत. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा आधी दीर्घ श्वास घ्यायचा आणि 'अवघड आहे' म्हणायचं. दीर्घ श्वासापर्यंत मला जमतं.